ट्रकवर नाव कंपनीचे, सरकारी नोंद गाडीच्या नंबराची: माल देण्याआधी आणि कामाला लागण्याआधी काय तपासाल?

थोडक्यात

- आपल्याकडे ट्रकची नोंदणी, पासिंग (फिटनेस), विमा आणि परमिट ही माहिती गाडीच्या नंबरावरून कोणालाही विनामूल्य पाहता येते.
- संपूर्ण वाहतूक कंपनीचा सुरक्षेचा इतिहास एका जागी दाखवणारी सार्वजनिक नोंद मात्र नाही. त्यामुळे कंपनी तपासायची तर तिच्या गाड्या आणि तिची कागदपत्रे एक-एक करून पाहावी लागतात.
- अपघातानंतर भरपाई कोण देणार, हे बऱ्याच अंशी त्या दिवशी गाडीचा विमा चालू होता का यावर ठरते.
- अपघातग्रस्तांना १.५ लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. भरपाईचा दावा तुमच्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येतो.

हा प्रश्न आता का?

२० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली. गॅस पसरला, आग लागली आणि रस्त्यावरची तीसहून अधिक वाहने तिच्यात सापडली. मृतांचा आकडा पुढचे कित्येक दिवस वाढत राहिला. ७ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री याच महामार्गावर दूदूजवळ गॅस सिलिंडर नेणाऱ्या ट्रकला टँकर धडकला आणि सिलिंडर एकामागून एक फुटत राहिले. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी जयपूरच्या हरमाडा भागात भरधाव डंपरने एकामागून एक वाहनांना उडवले. त्यात दहाहून अधिक लोकांचा जीव गेला.

हे रस्ते महाराष्ट्रापासून दूर नाहीत. भांकरोट्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा जातो. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ कंटेनर ट्रकने वाहनांना चिरडले आणि आग लागली, तोही याच महामार्गावर. जयपूरहून टोंक, कोटा, इंदूरमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि सोलापूरला जोडतो. जयपूरच्या आदर्श नगर परिसराजवळ आग्रा रस्त्याच्या बाजूला ट्रान्सपोर्ट नगर आहे. माल बुक करणारी कार्यालये, गॅरेज, सुट्या भागांची दुकाने यांची ही वसाहत. अशा ठिकाणी भरलेला माल दोन-तीन दिवसांत धुळ्याला किंवा भिवंडीला उतरतो. त्याच गाडीवर आपल्याकडचा चालक असतो, आपल्याकडचा क्लीनर असतो.

देशभराचा आकडाही पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये देशात सुमारे ४.८० लाख रस्ते अपघात झाले आणि १.७२ लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

मोठ्या अपघातानंतर बहुधा तेच प्रश्न विचारले जातात. गाडीचे पासिंग झाले होते का? विमा होता का? परमिट होते का? ही माहिती अपघाताच्या आदल्या दिवशीही सरकारी नोंदीत असते. ती पाहण्याची सवय लागली, तर माल पाठवणारा दुकानदार, कामाला लागणारा चालक आणि बिऱ्हाड हलवणारे कुटुंब हे तिघेही निम्मा धोका आधीच ओळखू शकतात. उरलेला निम्मा धोका नोंदीत का दिसत नाही, तेही या लेखात पाहू.

नोंदणी एक नाही, तीन असतात

“आमची कंपनी रजिस्टर्ड आहे” असे ट्रान्सपोर्टवाला सांगतो, तेव्हा त्याला कोणती नोंदणी म्हणायची आहे हे विचारा. तिन्ही नोंदण्या वेगवेगळ्या आहेत आणि एकीवरून दुसरी असल्याचे सिद्ध होत नाही.

१. गाडीची नोंदणी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रत्येक गाडी परिवहन कार्यालयात (आरटीओ) नोंदवलेली असते. हिलाच आपण आरसी बुक म्हणतो. मालवाहू गाडीला याशिवाय पासिंग, विमा, परमिट आणि प्रदूषण तपासणीचा दाखला लागतो.

२. मालवाहतूकदाराची नोंदणी. माल गोळा करणे, साठवणे, पाठवणे आणि त्याची बिल्टी देणे हा ज्याचा धंदा आहे, त्याला ‘कॅरेज बाय रोड’ कायदा, २००७ लागू होतो. हा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आहे. बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट, दलाल आणि कुरिअर हे सगळे त्यात येतात. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय हा धंदा करता येत नाही. अटी मोडल्यास नोंदणी निलंबित किंवा रद्द होऊ शकते.

३. व्यवसायाची नोंदणी. जीएसटी क्रमांक, कंपनी असल्यास कंपनी निबंधकाकडची नोंद, दुकान परवाना. यातून धंदा कागदोपत्री अस्तित्वात आहे एवढेच कळते. गाडीचे ब्रेक चांगले आहेत की नाही याच्याशी या नोंदीचा काही संबंध नाही.

फसगत होते ती इथेच. बुकिंग कार्यालयाच्या पाटीवर एक नाव असते, ताडपत्रीवर दुसरे, आरसीवर तिसरे. अनेक बुकिंग कार्यालयांकडे स्वतःच्या गाड्या कमी असतात. माल जमला की दलालाकडून बाजारातली गाडी घेतली जाते. हे बेकायदा नाही. पण तुम्ही तपासलेले नाव आणि प्रत्यक्ष येणारी गाडी यांचा मेळ आहे का, हे पाहणे म्हणूनच गरजेचे ठरते.

गाडीच्या नंबरावरून काय कळते?

मोबाइलवर ‘एम-परिवहन’ हे सरकारी ॲप घ्या किंवा ‘परिवहन सेवा’ संकेतस्थळावर ‘वाहन’ विभागात जा. मोबाइल क्रमांक देऊन ओटीपीने प्रवेश करा आणि गाडीचा नंबर टाका. स्मार्टफोन नसेल तर राजस्थानात ई-मित्र केंद्रात आणि महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्रात मदत मागा. पुढील गोष्टी पाहा:

- मालकाचे नाव. गोपनीयतेसाठी काही अक्षरांच्या जागी फुल्या दिसतात. तरी उरलेली अक्षरे आरसीवरच्या नावाशी जुळतात का ते कळते.
- गाडीचा प्रकार आणि नोंदणीची तारीख. माल वाहणारी गाडी ‘गुड्स कॅरियर’ म्हणून नोंदलेली हवी. व्यावसायिक गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. डिझेल-पेट्रोलची मालगाडी पांढऱ्या पाटीवर भाड्याने धावत असेल, तर ती घेऊ नका.
- फिटनेसची मुदत. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. पासिंग संपलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने वैध नोंदणी नसलेली गाडी मानली जाते.
- विम्याची मुदत आणि कंपनी. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. संपूर्ण तपासणीत सर्वात मोलाची ओळ हीच.
- परमिट. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ट्रकला राष्ट्रीय परमिट लागते आणि तसे गाडीवर पुढे-मागे लिहिलेले असते. साधारण ट्रकला १२ वर्षांनंतर आणि अनेक आसांच्या (मल्टी-ॲक्सल) गाडीला १५ वर्षांनंतर राष्ट्रीय परमिट मिळत नाही. त्यामुळे नोंदणीची तारीख आणि परमिट एकत्र पाहा.
- काळ्या यादीची नोंद. गाडीवर थकलेले चलन, गुन्हा किंवा कर्जाचा वाद असेल तर इथे खूण दिसू शकते.

थकलेली ई-चलने पाहण्यासाठी चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक लागतात. ते आरसीवर असतात. कामाला लागणाऱ्या चालकाने ते मालकाकडून मागून घ्यावेत. वेगमर्यादा मोडल्याची आणि जादा माल भरल्याची चलने ओळीने दिसत असतील, तर त्या गाडीकडून काय अपेक्षा ठेवली जाते ते न विचारता समजते.

चालकाचा परवाना ‘सारथी’ विभागात तपासता येतो. मालगाडी चालवण्याच्या परवान्याची मुदत ५ वर्षे असते. घातक माल नेणाऱ्या चालकासाठी ती ३ वर्षे आहे आणि त्याला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

गॅस आणि रसायनांच्या गाड्या कशा ओळखाव्यात?

घातक माल नेणाऱ्या टँकरवर सूचनाफलक सक्तीचा आहे. त्यावर मालाचे नाव, धोक्याचे चिन्ह, आपत्काळात संपर्काचा दूरध्वनी आणि चार अंकी क्रमांक असतो. एलपीजीचा क्रमांक १०७५, पेट्रोलचा १२०३. असे टँकर आणि डंपर यांना ताशी ६० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारे वेगनियंत्रक बसवावे लागतात. अशी गाडी उलटलेली किंवा गळती होत असलेली दिसली तर जवळ जाऊ नका, मोबाइलने चित्रीकरण करत थांबू नका, गाडीचे इंजिन सुरू करू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जा आणि ११२ वर कळवताना शक्य असल्यास तो चार अंकी क्रमांक सांगा. अग्निशमन दलाला आग पाण्याने विझवायची की फेसाने, हे त्यावरून ठरवता येते.

नोंदीत काय दिसत नाही?

पासिंग म्हणजे गाडी एका दिवशी तपासणीत उत्तीर्ण झाली. त्यानंतर तिचे टायर किती झिजले, ब्रेक कधी बदलले, ते नोंदीत येत नाही. चालक सलग किती तास चाकावर आहे, हेही येत नाही. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही चालकांच्या कामाची मर्यादा मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ मध्येच घालून दिली होती. प्रत्यक्षात किती तास चालवले, हे तपासायला सामान्य माणसाकडे साधन नाही.

सर्वात मोठी उणीव कंपनीच्या पातळीवर आहे. एखाद्या वाहतूकदाराच्या चाळीस गाड्या असतील आणि त्यातल्या पाच गाड्यांचे दोन वर्षांत अपघात झाले असतील, तर ही गोष्ट त्याचे नाव टाकून शोधता येत नाही. अपघातांची माहिती पोलीस आणि परिवहन विभाग ‘ई-डार’ या संगणक प्रणालीत भरतात. तिचा वापर तपास आणि भरपाईच्या कामासाठी होतो. माल देणाऱ्या दुकानदाराला किंवा नोकरी शोधणाऱ्या चालकाला ती वाहतूकदाराच्या नावाने पाहता येत नाही.

अमेरिकेत हे वेगळ्या रीतीने चालते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या प्रत्येक कंपनीला केंद्रीय परिवहन विभागाचा एक क्रमांक घ्यावा लागतो आणि तो गाडीच्या दारावर लिहावा लागतो. तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की कंपनीच्या गाड्या किती, चालक किती, गेल्या २४ महिन्यांत तपासण्या किती झाल्या, त्यात किती गाड्या रस्त्यावरून उतरवल्या आणि अपघात किती झाले हे दिसते. तिथे अपघात होत नाहीत असे नाही. पण मोठा माल देणारा आधी हा इतिहास पाहतो, त्यामुळे वाईट इतिहासाची किंमत कंपनीला धंद्यात मोजावी लागते.

आपल्याकडे ती किंमत कंपनी मोजत नाही. गाडी बदलली की इतिहास पुसला जातो. चालक बदलला की दोष त्याच्याबरोबर जातो. चालकाला अटक होते, पण त्याला किती तास गाडी हाकायला लावली आणि त्यासाठी भाडे किती कमी ठरवले, हे प्रश्न मागे राहतात. २००७ च्या कायद्यातील वाहतूकदाराचा नोंदणी क्रमांक, त्याच्या गाड्यांचे नंबर आणि ई-डारमधील अपघात या तीन गोष्टी एकमेकींना जोडल्या, तर कंपनीचा इतिहास दाखवणारी नोंद उभी राहू शकते. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती सरकारदरबारी आधीच गोळा होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये फलोदी आणि तेलंगणातील भीषण अपघातांनंतर सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील सुरक्षेची स्वतःहून दखल घेतली आहे. त्या चर्चेत वाहतूकदाराच्या जबाबदारीचा हा मुद्दाही यायला हवा.

माल पाठवणाऱ्यांसाठी: पाच गोष्टी

बचत गटाचा माल असो, शेतमाल असो की घरचे बिऱ्हाड, गाडी भरण्याआधी:

१. वाहतूकदाराचे नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा क्रमांक व मुदत लिहून घ्या. शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारा. जयपूरचे मुख्य प्रादेशिक परिवहन कार्यालय झालाना भागात आहे.

२. प्रत्यक्ष आलेल्या गाडीचा नंबर माल चढण्याआधी तपासा. ठरलेली गाडी बदलली असेल तर पुन्हा तपासा.

३. बिल्टी घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर, मालाचे वर्णन, वजन आणि किंमत नीट लिहिलेली हवी. किंमत कमी लिहिली तर नुकसान झाल्यावर भरपाईही तेवढीच मर्यादित राहते. जास्त किमतीच्या मालासाठी जादा जोखीम दर भरण्याची सोय कायद्यात आहे.

४. माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. ती दिली नाही तर पुढे दावा करता येत नाही. तोंडी तक्रार आणि फोन यांना इथे अर्थ नाही.

५. “थोडा जास्त भरू, भाडे वाचेल” या बोलण्याला होकार देऊ नका. जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जादा भरलेली गाडी उतारावर वेळेत थांबत नाही.

चालक, क्लीनर आणि हमालांसाठी

नोकरी स्वीकारताना गाडीचा नंबर मागा आणि पासिंग, विमा, परमिट स्वतः पाहा. कागदपत्रे संपलेली गाडी चालवली तर रस्त्यात चालकच पकडला जातो, मालक नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत नेमणूक पत्र देणे बंधनकारक आहे. ते मागा. त्यावर मालकाचे नाव, पगार आणि कामाचे स्वरूप हवे. अपघातानंतर “हा माणूस आमच्याकडे नव्हताच” असे मालक म्हणाला, तर कुटुंबाच्या हातात हाच कागद असतो. पत्र मिळत नसेल तर पगार बँक खात्यात घ्या आणि प्रत्येक फेरीच्या बिल्टीचा फोटो घरी पाठवून ठेवा.

मालगाडीतून प्रवास करणाऱ्या मजुरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्यात येतो. पण गावी जायला सोयीची गाडी म्हणून ट्रकमध्ये किंवा पिकअपमध्ये बसलेला प्रवासी येत नाही. अशा प्रवाशासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या ‘आशा राणी’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बांधकामावर जाताना मुकादम सगळ्यांना मालगाडीत बसवत असेल, तर तो भाड्याचे पैसे वाचवतो आणि धोका तुमच्या कुटुंबावर टाकतो.

याशिवाय बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १८ ते ७० वर्षे आहे. वारसाचे नाव बरोबर लिहिले आहे का तेही बघा.

अपघात झालाच तर: कोणता हक्क कुठे?

उपचार. केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची विनारोकड उपचार योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, प्रति व्यक्ती १.५ लाख रुपयांपर्यंत उपचार नेमलेल्या रुग्णालयांत मिळतात. चूक कोणाची आणि गाडीला विमा होता का, यावर उपचार अडत नाहीत. ११२ वर फोन करून जवळचे नेमलेले रुग्णालय विचारा. जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला ‘राह-वीर’ योजनेत २५,००० रुपयांचे बक्षीस आहे आणि पोलीस त्याला साक्षीसाठी सक्ती करू शकत नाहीत.

भरपाई. मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर इजा झाल्यास २.५ लाख रुपये चूक सिद्ध न करता मागता येतात. याहून जास्त नुकसान झाले असेल तर चूक दाखवून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोठा दावा करता येतो. या दोन्हींपैकी एकच मार्ग निवडता येतो, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्या.

धडक देऊन पळालेली गाडी. गाडीचा शोध लागला नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.

सरकारी मदत वेगळी. भांकरोट्याच्या दुर्घटनेनंतर मृतांच्या कुटुंबीयांना राज्य सरकारने ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. अशी मदत मिळाली म्हणजे भरपाई मिळाली असे नव्हे. न्यायाधिकरणातला दावा हा स्वतंत्र हक्क आहे आणि मृताचे वय, कमाई, अवलंबून असलेली माणसे पाहून ठरणारी ती रक्कम बरीच मोठी असू शकते. मदतीचा धनादेश हाती आला म्हणून अनेक कुटुंबे तिथेच थांबतात. तसे करू नका.

मुदत. कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. या मुदतीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, पण निकालाची वाट न पाहता मुदतीतच अर्ज करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अपघात जयपूरला झाला, घर नाशिकला आहे. दावा जयपूरलाच करावा लागेल का?*
नाही. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा करता येतो. नाशिकच्या कुटुंबाने नाशिकच्या न्यायाधिकरणात जावे.

*पोलिसांकडून कोणते कागद मागायचे?*
प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. १ एप्रिल २०२२ पासूनचा हा नियम आहे. गाडीचा विमा, पासिंग, परमिट आणि चालकाचा परवाना यांची पडताळणी या तपासात होते. तुमच्या हक्कांची माहिती देणारा छापील नमुना पोलिसांनीच तुम्हाला द्यायचा असतो. तो मागून घ्या.

*चालकाकडे वैध परवाना नव्हता किंवा गाडीला परमिट नव्हते. मग विमा बुडाला का?*
बहुतेक प्रकरणांत नाही. आधी विमा कंपनीने पीडिताला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये देतात. पण विमाच संपलेला असेल तर रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी लागते आणि त्यात वर्षे जातात. तपासणीत विम्याची तारीख आधी पाहा असे वर सांगितले, ते यासाठीच.

*वकिलाची फी परवडत नाही.*
महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

*पासिंग संपलेली गाडी धावताना दिसली तर कुठे कळवू?*
नंबर, जागा आणि वेळ लिहून परिवहन कार्यालयाला किंवा वाहतूक पोलिसांना कळवा. राजस्थानात ‘राजस्थान संपर्क’च्या १८१ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय महामार्गावर धोकादायक रीतीने उभ्या असलेल्या गाडीसाठी १०३३ आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

*माहितीच्या अधिकारात काय विचारता येईल?*
परिवहन कार्यालयाला १० रुपये शुल्काच्या अर्जाने विचारा: अमुक नावाच्या वाहतूकदाराची २००७ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, तिची मुदत कधीपर्यंत आहे, तिच्यावर कारवाई झाली का. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. दर हंगामात त्याच वाहतूकदाराकडून माल पाठवणाऱ्या उत्पादक गटांनी असा अर्ज एकदा तरी करावा.

आजच करायच्या तीन गोष्टी

घरातले कोणी ट्रकवर कामाला असेल तर त्या गाडीचा नंबर आज रात्री मागून घ्या. विमा आणि पासिंगच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. संपण्याच्या पंधरा दिवस आधी मालकाला आठवण करून द्यायला त्याला सांगा. कागद संपलेला असताना “पुढच्या नाक्यावर सांभाळून घेऊ” असे उत्तर मिळत असेल, तर त्या मालकाची नोकरी सोडणे परवडत नसले तरी निदान घरच्यांना धोका माहीत असेल, आणि वेळ आलीच तर कोणत्या दारात जायचे हेही.